पाणी कोणी पाजले?

शनिवार, ९ मार्च १९७४. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. बिझिवेक मामांच्या अंगणात त्या वेळी पुरुष एकतीस होते, घरात बायका त्याहून अधिक, फाटकाशी पोलीस दोन आणि ओसरीवर शवपेटी एक.

पेटी तासाभरापूर्वी सरकारी जीपमधून आली होती. मामांनी तीस वर्षे मिशनच्या सुतारशाळेत मुलांना रंधा धरायला शिकवले होते. त्यामुळे पेटी समोर आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांनी दुःखाआधी काम पाहिले, आणि त्याची त्यांना लाज वाटली. लाकूड पूर्ण वाळलेले होते. कडा काटकोनात होत्या. स्क्रूची डोकी लाकडात नीट बुडवलेली होती. हे घाईत झालेले काम नव्हते. देशात कोणीतरी अशा पेट्या आधीच करून ठेवत होते.

"उघडायची नाही," हवालदार म्हणाला. "दुपारी दोनच्या आत माती द्यायची. आदेश आहे."

"आमच्याकडे आंघोळ घालतात," मामा म्हणाले.

"घातली आहे."

"कोणी?"

हवालदाराने जीपच्या चाकाकडे पाहिले. चाकात हवा व्यवस्थित होती.

आत होता तो लेव्हसन, मामांच्या बहिणीचा थोरला मुलगा, डोंगरापलीकडच्या मार्गावर चालणाऱ्या बसचा कंडक्टर. पक्षाचे कार्ड दाखवल्याशिवाय कोणालाही बसमध्ये घ्यायचे नाही असा हुकूम होता. चौदा महिन्यांपूर्वी त्याने कार्ड नसलेल्या एका बाईला घेतले होते. बाईला कळा येत होत्या. त्याच संध्याकाळी त्याला डेपोतून उचलले. खटला झाला नाही, कारण आरोपच ठेवला नव्हता.

आठच्या सुमारास पक्षाचे चेअरमन कालिंदे आले. काळा कोट, छातीवर अध्यक्षांच्या चेहऱ्याचा बिल्ला. त्यांनी दोन्ही हातांनी मामांचा हात धरला, दिलेले स्टूल नाकारून चटईवर बसले आणि मक्याच्या आंबिलीचा तांब्या मात्र नाकारला नाही.

"मामा, हे एका घराचं दुःख नाही. सगळ्या पक्षाचं आहे."

"होय, चेअरमनसाहेब."

"मलेरिया वाईटच. चार दिवसांत खेळ आटोपला बिचाऱ्याचा." त्यांनी आंबिलीचा घोट घेतला. "बायकोला निरोप पाठवला होता. ती आली नाही. आता बायकांचं काय सांगावं?"

"एलुबेला निरोप आला होता?"

"मी सांगतोय ना." कालिंदे हसले. "हकिकत कोण सांगणार आज?"

"या घरात मीच सांगतो."

"सांगा की. नाहीतर त्याचा धाकटा भाऊ, आपला फ्रॅकसन आहे. तरुण आहे, युवक संघात आहे, आवाजही मोकळा आहे. कोणीही सांगा. मी पुढेच बसेन. हल्ली मला कमी ऐकू येतं."

कालिंदेंना कमी ऐकू येत नव्हते, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होते.

हकिकतीवाचून आमच्याकडे माती होत नाही. माणूस केव्हा आजारी पडला, कोणत्या घरात पडला, पाणी कोणी पाजले, त्याच्या आईच्या घरी निरोप कोणी आणला, हे त्याच्या मामाने सर्वांसमोर उभे राहून सांगायचे असते. ते ऐकल्यावरच नातू पेटी उचलतात. खड्डा खणणाऱ्यांना नातू म्हणतात, मग त्यांचे वय काहीही असो. ज्या घराने आजार लपवला, निरोप दिला नाही, त्या घरावर दोष येतो. नातवांना बकरा द्यावा लागतो. बकऱ्याचे कोणाला काही वाटत नाही, दोषाचे वाटते.

नातवांचा म्होरक्या जोसामु स्वतः साठीचा होता. हातापायांना लाल माती लागलेली, तसाच तो फावडे टेकत आला आणि मामांसमोर उकिडवा बसला.

"आजोबा, खड्डा तयार आहे. तुमच्या घरची जमीन तुमच्यासारखीच. वरून मऊ, खाली नुसता दगड. आणि ही न्याहारीला पाठवलेली कोंबडी होती की कोंबडीची आठवण?"

मयताच्या घरी चेष्टा करण्याचा हक्क फक्त नातवांना असतो. दोघेतिघे हसले, आणि कालिंदेंकडे पाहून गप्प झाले.

*

एलुबे आत पेटीच्या बाजूच्या भिंतीशी बसली होती. तिच्या समोर पक्षाच्या महिला आघाडीच्या बायका ओळीने बसल्या होत्या. त्यांनी अध्यक्षांचा चेहरा छापलेली लुगडी नेसली होती. पाय मुडपून बसल्यामुळे चेहऱ्याला ठिकठिकाणी चुण्या पडल्या होत्या. कोणीतरी खूण केली की त्या रडत, पुन्हा खूण झाली की थांबत.

सासू, एनेलेस, तिच्या शेजारी सरकली. तिने पदर एलुबेच्या डोक्यावरही ओढला. बाहेरून दोघी एका कापडाखाली रडत आहेत असे दिसले असते.

"सूनबाई, ऐक. चेअरमन काय म्हणतो ते कळलं ना?"

"कळलं. मला निरोप आला होता म्हणे."

"आला होता असं समज."

"आई, मी दर महिन्याला त्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. डबा घेऊन. प्रत्येक वेळी म्हणाले, आत नाही घेत, डबा ठेव आणि जा. मी निरोप आल्यावर गेले नसते?"

"मला माहीत नाही का?" एनेलेस पदराखाली म्हणाली. "पण एक पोरगा माझा या पेटीत आहे. दुसरा बाहेर युवक संघाचा लाल शर्ट घालून उभा आहे. हकिकत वाकडी झाली तर त्याला सोडतील? तू अजून तरुण आहेस. दोष काय, अंगावर पडतो आणि झिजतो."

"झिजतो?" एलुबेने पदर बाजूला केला. "वर्षाअखेर माझं सुतक कोण सोडवणार? आजार लपवणारीचं तुम्ही सोडवता? शेजारच्या गावात त्या आजीचं सोडवलं नाही, ती मरेपर्यंत वेगळ्या मडक्यात शिजवून खात होती. मी बसस्टँडवर वडे तळून विकते, आई. त्यावर दोन पोरी जगतात. माझ्या हातचा वडा कोण घेईल?"

"हळू बोल."

"लोकांना खरं माहीत आहे."

"माहीत आहे ना. मग त्यातला एक तरी बोलतोय का बघ."

समोरच्या बायकांना खूण झाली. त्या रडू लागल्या. एनेलेसही त्यांच्यात रडू लागली, आणि तिचे रडणे त्यातही वेगळे ओळखू येत होते.

*

फ्रॅकसनला कोठेही उभे राहवत नव्हते. फाटकाशी गेला तर हवालदार ओळखीचे हसत, ओसरीवर गेला तर पेटी. शेवटी तो मक्याच्या कणगीमागे गेला. तेथे एलुबेचा थोरला भाऊ माटेयो आपल्या बुटांतला चिखल काडीने काढत होता. मयतात बायकोच्या बाजूने उत्तर देण्याचे काम त्याचे होते.

"तुमच्याशीच बोलायचं होतं," फ्रॅकसन म्हणाला. "दोष नावापुरता असेल. बकरा मी देतो. माझ्या खिशातून. तुम्ही फक्त मान खाली घालायची."

माटेयोने काडी टाकली. पेटी पाहून सकाळी सर्वांत मोठ्याने ओरडला होता तो हाच. माझ्या बहिणीला तोंडही दाखवत नाहीत, म्हणून हवालदाराच्या अंगावर गेला होता.

"चेअरमन माझ्याशीही बोलले," तो म्हणाला. "शिलाई मशीन दुकानाच्या ओसरीवर ठेवायला परवाना लागतो म्हणे. चौदा वर्षं लागला नाही. आज लागतो."

"मग?"

"मग काय? बकरा कुठला आणणार? लंगडा असला तरी चालतो का यांना?"

"दादा."

एलुबे हात धुवायला मागच्या दाराने बाहेर आली होती. तांब्या तिच्या हातात तिरपा झाला होता आणि पाणी पायावर पडत होते.

"एका बकऱ्याला दिलंस मला? तोही लंगडा?"

"तसं नाही गं. घरात माझी पाच आहेत..."

"सकाळी तू एकटाच माझ्या बाजूने होतास."

माटेयो कणगीला वळसा घालून पुरुषांत जाऊन बसला, आणि बसताना मुद्दाम लांबच्या टोकाला बसला.

फ्रॅकसन वहिनीच्या समोर एकटा राहिला. "वहिनी, त्याने नुसतं 'कार्ड दाखवा' म्हणायला हवं होतं. एवढंच काम होतं. मी स्टँडवर रोज तेच म्हणतो. जीभ झिजत नाही."

"तुम्ही त्या बाईला उतरवलं असतं?"

तो शर्टावरच्या बिल्ल्याशी चाळा करत राहिला. "तिला बसमध्येच मुलगी झाली. पुलाजवळ. ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि पुरुषांना खाली उतरवलं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"सगळ्या स्टँडला ठाऊक आहे. पोरीचं नाव लेव्हसनवरून ठेवणार होते. त्याला नेलं हे कळल्यावर बदललं."

एलुबे पहिल्यांदाच हसल्यासारखी झाली, आणि लगेच तिने तोंडावर पाणी मारले. "भावजी, आज तुम्ही माझं नाव घेतलंत तर मी काही बोलणार नाही. रीतीने मला बोलताच येत नाही, मी बायकोच्या बाजूची. पण माझ्याकडे बघून नाव घ्या."

*

बारा वाजता मामांनी सर्वांना शेवग्याखाली बोलावले. एनेलेस, फ्रॅकसन आणि माटेयो आले. एलुबेला बोलावण्याची रीत नव्हती.

"मला आजार माहीत नाही," मामा म्हणाले. "मी पाहिला नाही, ऐकला नाही. जे माहीत नाही त्याला मी नाव कसं देऊ?"

"मलेरिया म्हटलं तर तुझी जीभ सडणार आहे का, दादा?" एनेलेस म्हणाली. "आयुष्यभर खुर्च्या-टेबलं मोजलीस. आज माझी मुलं मोज."

"निरोपाचं खोटं सुनेच्या डोक्यावर जातं, बाई."

"जाऊ दे. ती माझ्या पोटची नाही."

हे बोलून झाल्यावर तिने तोंड फिरवले. शेवग्याची शेंग खाली पडली तरी सर्वांनी वर पाहिले, इतके सगळे सावध होते.

"माटेयो, तुमचं काय?" मामांनी विचारले.

"घरातली मोठी माणसं ठरवतील ते."

"सकाळी तुम्ही वेगळं बोललात."

"सकाळी मी रिकाम्या पोटी होतो, मामा."

फ्रॅकसन पुढे झाला. "मामा, मी सांगतो हकिकत. चेअरमनना तेच हवंय. तुमच्यावर काही येणार नाही, आईला झोप लागेल. तुमच्यामागे घरच्या मोठ्याचं हे आसन भाचा म्हणून माझंच आहे ना? मग आज एकदा बसू द्या."

मामांनी बहिणीकडे पाहिले. लहानपणी तिला पाठीवर घेऊन त्यांनी नदी ओलांडली होती. तेव्हाही ती अशीच, पडणार नाही याची खात्री असूनही, त्यांचे कान घट्ट धरून बसायची.

"सांग," ते म्हणाले. "मी अडवत नाही. पण नातू विचारतात. मी पाठ केलेलं बोलत नाही म्हणून मला ते सोपं जातं. तुझं तू पाहा."

एनेलेसने भावाचे पाय धरले. मामांनी तिला उठवले.

*

एक वाजता जीपचे इंजिन सुरू झाले आणि सुरूच राहिले. गर्दी आता फाटकाबाहेरच्या मक्यापर्यंत गेली होती. कालिंदे पहिल्या रांगेत होते. फ्रॅकसन पेटीच्या डोक्याकडे उभा राहिला. त्याच्या समोर जोसामु आणि सहा नातू, हात बांधून.

"आमचा भाऊ लेव्हसन," फ्रॅकसनने सुरुवात केली, आणि त्याचा आवाज खरोखरच मोकळा होता. "तो सरकारच्या देखरेखीत होता. मागल्या आठवड्यात शुक्रवारी त्याला ताप आला. मलेरिया. चार दिवस ताप होता. मंगळवारी तो गेला."

"ऐकलं," नातू म्हणाले.

"पाणी कोणी पाजलं?" जोसामुने विचारले. त्याच्या स्वरात काही नव्हते. त्याने हा प्रश्न प्रत्येक मयतात विचारला होता, तान्ह्या मुलाच्या मयतातही.

"दवाखान्यातल्या माणसाने."

"नाव?"

"नाव... सरकारी माणूस."

"बरं. सरकारी माणसाने पाजलं." जोसामुने मातीने भरलेली बोटे एकमेकांवर चोळली. "आईच्या घरी निरोप केव्हा आला?"

"आईच्या घरी नाही आला."

"मग कोणाकडे गेला?"

आता नाव घ्यायचे होते. चार अक्षरेही नव्हती त्यात. कालिंदेंनी डोके किंचित पुढे केले, कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखे. फ्रॅकसनने ठरवले होते की दाराकडे बघायचे नाही, आणि त्याने दाराकडे पाहिले. एलुबे उंबऱ्याच्या आत उभी होती. ती रडत नव्हती, विनवत नव्हती. धाकटी मुलगी तिच्या कडेवर होती आणि एक वडा खात होती, घाईघाईने, जणू कोणी काढून घेईल.

"निरोप," फ्रॅकसन म्हणाला आणि थांबला. "निरोप कोणाकडेच गेला नाही."

इंजिनाचा आवाज फार मोठा वाटू लागला.

"पोरगा दमलाय," कालिंदे सर्वांना उद्देशून म्हणाले. "भाऊ गेला की गोंधळ होतो. फ्रॅकसन, नीट आठव."

"नीट आठवतंय, चेअरमनसाहेब. वहिनीला निरोप आला नाही. ती दर महिन्याला फाटकाशी जायची. मी तिला स्टँडवर बसमध्ये चढताना पाहायचो. डबा असायचा हातात. मीच तिचं कार्ड तपासायचो."

घरातून एनेलेसची किंकाळी आली, आणि या वेळी तिच्यासाठी कोणी खूण केली नव्हती.

जोसामु गोंधळला. त्याला बंड करायचे नव्हते. त्याला हकिकत पुरी हवी होती, कारण अपुऱ्या हकिकतीवर माती टाकली तर पुढच्या मयतात त्याला कोणी फावडे धरू दिले नसते. "मग निरोप न देणारं घर कोणतं?" तो म्हणाला. "बकरा मी मागू कोणाकडे?"

फ्रॅकसन काही म्हणण्याआधी मामा उठले. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, सुतारशाळेत फळी तपासून उठताना ठेवत तसा.

"तू खाली बस, पोरा. हे उत्तर आसनावरच्या माणसाचं आहे." ते पेटीजवळ गेले. "नातवांनो, ऐका. माझा भाचा चौदा महिने सरकारच्या घरात होता. आत धडधाकट गेला होता. त्याला कोणता आजार झाला, झाला की नाही, हे मला माहीत नाही. म्हणून आजाराला मी नाव देत नाही. पाणी कोणी पाजलं, माहीत नाही. पाजलं की नाही, माहीत नाही. निरोप त्या घराने द्यायचा होता. त्या घराने दिला नाही. दोष त्या घराचा. आमच्या सुनेचा नाही, तिच्या माहेरचा नाही. एवढंच मला माहीत आहे. पुरं झालं."

लांबच्या टोकाला माटेयो उभा राहिला. तो पुन्हा बसला नाही.

जोसामुने कालिंदेंकडे पाहिले, जीपकडे पाहिले, मग आपल्या सहा माणसांकडे.

"ऐकलं," तो म्हणाला. "पुरी हकिकत ऐकली. बकरा आम्ही सोडला, आजोबा. त्या घरचं मटण आम्हाला पचायचं नाही."

कोठेतरी मागे एक म्हातारा हसला आणि त्याला खोकला आला. नातवांनी पेटी खांद्यावर घेतली. दोन वाजायला अजून वेळ होता. कालिंदेही थडग्यापर्यंत चालत आले, रीतीप्रमाणे मूठभर माती टाकली, हात रुमालाने पुसले आणि मामांना म्हणाले, "सुतारांनी बोलू नये, मामा. तुमचे हात चांगले होते."

"हात अजून आहेत, चेअरमनसाहेब."

सोमवारी सकाळी जीप पुन्हा आली. फ्रॅकसनने लाल शर्ट घडी करून आईच्या खाटेवर ठेवला होता. मामांनी बरोबर काही घेतले नाही. एनेलेस फाटकापर्यंत धावली नाही. एलुबेने तिला धरले होते, आणि तिने धरू दिले.

पुढल्या मार्चमध्ये एलुबेचे सुतक सुटले. तिच्या डोक्याला तेल एनेलेसने स्वतः लावले, आणि त्यानंतर पहिला वडा तिनेच सर्वांसमोर खाल्ला. फ्रॅकसन सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये सुटून आला, एका कानाने बहिरा होऊन. मामांची हकिकत सांगायला घरात त्याच्याखेरीज कोणी उरले नव्हते, आणि मामांची पेटी कधी आली नाही.

त्या सोमवारी नेलेली माणसे दोन. परत आलेले एक.